तळघरातलं गार पाणी

१

चष्मेवाले गेले ते बसल्या जागी गेले. बुटकं स्टूल, समोर पाण्याची टाकी, एका डोळ्याला भिंग लावलेलं आणि मांडीवर पालकाचं एक रोप, मुळांसकट उपसलेलं. अंगावर ओरखडा नाही, तोंडाला फेस नाही. बघणाऱ्याला वाटावं, माणूस मुळं निरखता निरखता डुलकी काढतोय.

जन्मभर लोकांच्या डोळ्यांवर काचा चढवल्या आणि उतारवयात या गृहस्थाला बागेचं वेड लागलं. बाग तरी कसली, तर बिनमातीची. दुकानाखालच्या तळघरात, जिथं पूर्वी काचांच्या पेट्या रचलेल्या असत, तिथं त्यांनी मांडण्या उभ्या केल्या, जांभळे दिवे लावले आणि पाण्याच्या टाक्यांवर झाकणं बसवून त्या झाकणांच्या भोकांत रोपं खोचली. पानं वर उजेडात, मुळं खाली पाण्यात, मातीचा कण म्हणून नाही. दोन वर्षं बाग दृष्ट लागावी अशी वाढली आणि मग खरोखरच लागली. पांढरीशुभ्र मुळं तपकिरी पडली, बुळबुळीत झाली, त्यांना नासका वास यायला लागला. मूळकूज. एका टाकीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत, घरात कांजिण्या फिराव्यात तशी ती फिरली.

चष्मेवाल्यांचा बागेतला भागीदार होता पंपवाला. पंप दुरुस्तीचं दुकान चालवणारा, तोंडाने फाटका आणि मनाने बरा. त्याचं म्हणणं एकच होतं, की सगळ्या टाक्यांत जंतुनाशक ओता. जखम धुताना फेस येतो ना, तेच औषध, पण कितीतरी कडक, कॅन भरून. चष्मेवाल्यांचं म्हणणं नेमकं उलट. त्यांनी पाण्यात चांगले जिवाणू सोडले होते, दुधाला विरजण लावतात तसे. त्यांचा भरवसा होता की हेच जिवाणू कुजीला पुरून उरतील. औषध ओतलं की कुजीबरोबर तेही मरणार. यावरून दोघांची भर रस्त्यात जुंपली आणि पंपवाला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला, "एकदा ओततोच बघ. त्या तळघरातलं सगळं मेल्याशिवाय सुटका नाही तुझी."

दुसऱ्याच दिवशी दुपारी चष्मेवाले मेलेले सापडले. टाकीशेजारी औषधाचा कॅन उपडा पडलेला होता, रिकामा, आणि त्यावर पंपवाल्याच्या दुकानाचा शिक्का होता. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, श्वास कोंडून मृत्यू.

आता फौजदाराला आणखी काय हवं होतं? त्यानं पंपवाल्याला दुकानातून उचलला तो थेट कोठडीत.

२

झाडांच्या दवाखान्यातल्या बाईंना सगळे 'डॉक्टरीणबाई' म्हणत. वनस्पतींचे रोग हा त्यांचा विषय. पण डॉक्टर म्हटलं की लोक आधी स्वतःची कंबर पुढं करायचे, त्यामुळे बाईंचा स्वभाव जरा तिरसट झाला होता. कुणी वाळकं रोप घेऊन आलं की त्या रोपाकडे बघायच्या आधी माणसाकडे बघत आणि विचारत, "काय मेलं ते दिसतंय मला. त्याआधी काय बदललं ते सांगा." निम्मे रोग त्या या एका प्रश्नावर ओळखत.

फौजदार स्वतः आला. त्यानं टेबलावर एक पाण्याची बाटली ठेवली. काठोकाठ भरलेली, गच्च झाकण लावलेली, घटनेच्या दिवशीच टाकीतून भरून घेतलेली आणि आतापर्यंत फ्रिजमध्ये ठेवलेली.

"फार काही नको बाई," तो म्हणाला. "या पाण्यात त्यानं औषध ओतलं, त्याची वाफ कोंडली आणि म्हातारा गेला, एवढं लिहून द्या. उद्या त्याला कोर्टापुढं उभा करायचाय. तुमची सही झाली की तो आयुष्यभर बाहेर येत नाही."

"आणि पाणी तसं म्हणत नसेल तर?"

"पाणी कशाला काय म्हणतंय," फौजदार हसला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी झाकण फिरवलं. बाटलीतून फुस्स असा बारीक आवाज आला आणि काचेला आतून बुडबुडे लागले. बाईंचा हात थांबला. मग त्यांनी औषध ओळखायची कागदी पट्टी पाण्यात बुडवली. औषधाचा थेंब असता तरी ती निळी झाली असती. ती पांढरी ती पांढरीच राहिली.

"इतक्या दिवसांत उडून गेलं असेल," फौजदार म्हणाला.

"असेल. थांबा जरा."

त्यांनी पाण्याचा आंबटपणा मोजला. तो फार होता, एवढ्या आंबट पाण्यात कुठलाच बागवाला पालक लावणार नाही. मग त्यांनी तेच पाणी या पेल्यातून त्या पेल्यात, त्या पेल्यातून या पेल्यात ओतलं, लहान पोरासाठी दूध निववतात तसं, आणि पुन्हा मोजलं. आंबटपणा पार उतरला होता.

"खरं आंबट असं पळून जात नाही," बाई स्वतःशीच म्हणाल्या. बाटलीत उरलेल्या पाण्यातून येणारा वायू त्यांनी नळीतून चुन्याच्या निवळीत सोडला. हा प्रयोग शाळेत सगळ्यांनीच केलेला असतो. निवळी हळूहळू दुधासारखी पांढरी झाली.

"म्हणजे काय?" फौजदारानं विचारलं.

"म्हणजे औषध नाही. आपण उच्छ्वासातून सोडतो ना, तो वायू. सोडा वॉटरमध्ये भरतात तो."

"म्हाताऱ्याच्या टाकीत कुणी सोड्याच्या बाटल्या ओतल्या म्हणता?"

"मी अजून काहीच म्हणत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी उचलली. "संध्याकाळपर्यंत थांबा. मला तळघर बघायचंय."

३

दार उघडलं चष्मेवाल्यांच्या धाकट्या भावानं. वरच्या मजल्यावर राहणारा, अविवाहित, सतत काहीतरी ठोकत-चिकटवत असणारा माणूस. तळघराच्या दाराला चारी बाजूंनी रबरी पट्टी मारलेली होती आणि भिंतीतल्या फटी नव्या कोऱ्या पांढऱ्या लांबीनं बुजवलेल्या होत्या.

"हे तुमचं काम?" बाईंनी विचारलं.

"माझंच. ओल्या मुळांवर बारीक काळ्या माश्या येतात ना, त्या एकीकडची कूज दुसरीकडं नेतात म्हणे. दादा म्हणाला, बंद कर सगळं. केलं बंद."

"कधी?"

"तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी संपलं काम." त्यानं नजर वळवली.

वर भिंतीत बसवलेला पंखा घुमत होता, आतली हवा बाहेर फेकणारा. बाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग त्याच्या बटणाकडं. बटणावर चिकटपट्टीचा अर्धवट फाटलेला तुकडा लोंबत होता.

त्या एकेक झाकण उचलत गेल्या. बहुतेक मुळं कुजलेलीच होती. बोटांनी ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. ही खरी मूळकूज, यात शंका घ्यायला जागा नाही. आणि त्यांच्यावरचा बुळबुळीत थर जसाच्या तसा होता. कडक औषध पडलं असतं तर तो फेसाळून, विरंजून पांढरा पडला असता. काही टाक्यांत तर कुजलेल्या झुपक्यातून नवी पांढरी मुळं फुटत होती. कुणीतरी कुजका भाग कात्रीनं नीट कापून टाकला होता.

"आता कोण बघतं यांच्याकडं?"

"पुतणी. कामावर जायला लागली परत, पण जाता-येता इथं उतरतेच. वहिनींना आवडत नाही. त्यांनी किल्ली काढून घेतली, तर पोरगी बापाच्या किल्लीनं येते. म्हणते, बाबांची झाडं आहेत."

मधल्या टाकीच्या कोपऱ्यात मात्र बाई थबकल्या. तिथली मुळं तपकिरी नव्हती आणि पांढरीही नव्हती. ती उकडलेल्या कांद्यासारखी आरपार दिसत होती. वास नाही, साल सुटत नाही, नुसती लुळी पडलेली. अशी मुळं कुजीनं होत नाहीत. ती गोठून होतात.

बाई गुडघ्यांवर बसल्या, मग सरळ पोटावर झोपून मांडणीखाली डोकावल्या. धाकटा भाऊ बघतच राहिला. सगळ्यात खालच्या फळीमागं एक उंदीर मरून पडला होता, वाळायला लागलेला. तोंडात अजून पालकाचा देठ होता.

"उंदरांचं औषध ठेवता का इथं?"

"छे. दादा खाण्याच्या भाजीजवळ असलं काही ठेवू द्यायचा नाही."

खायला बसलेला उंदीर तोंडातला घास न गिळता मेला होता. बुटक्या स्टुलावर बसलेला माणूस हातातलं रोप न ठेवता मेला होता. बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी धाकट्या भावाला सरळ विचारलं, "पंखा कुणी बंद केला होता?"

तो भिंतीला टेकला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बटणावर चिकटपट्टी आहे."

"बाई, मी... दार उघडलं की बाहेरची गरम हवा पंख्यामुळं आत ओढली जायची. पाणी कोमट झालं की त्यात हवा टिकत नाही आणि मुळं गुदमरतात, असं दादाच सांगायचा. म्हणून मी त्या सकाळी पंखा बंद केला आणि कुणी चुकून चालू करू नये म्हणून वर पट्टी मारली." त्यानं बटणाकडं बोट केलं. "पण पोलीस आले तेव्हा पंखा चालू होता. देवाशपथ चालू होता. मी लावला नाही. तेव्हापासून मला झोप नाही."

४

पंपवाल्यानं कोठडीच्या गजांतून बाईंकडं बघितलं आणि म्हणाला, "या. तुम्हीपण विचारा, कशाला मारलंस म्हणून. सगळ्यांचं विचारून झालंय."

"तुमचा कॅन कुठं असायचा?"

"चष्मेवाल्याच्या मागच्या अंगणात. मी नेऊन ठेवला होता, तो ओतू देत नव्हता. भरलेला होता, झाकण मी उघडलंसुद्धा नाही."

"पाणी गार करायला तुम्ही काही यंत्र बसवलं होतं?"

"कसलं यंत्र? माशांच्या टाकीत बुडबुडे सोडतात तसले हवेचे दगड तेवढे बसवून दिले." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण पाणी गार व्हायला लागलं होतं खरं. शेवटच्या काही दिवसांत. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि टाकीत हात घातला तर गारेगार. मी विचारलं तर चष्मेवाला म्हणतो, माझे जिवाणू कामाला लागले. मी म्हटलं, अरे बाबा, जिवाणू काय बर्फ पाडतात? भांडण तिथूनच पेटलं. पण खूश होता गडी. नवी मुळं फुटली म्हणून मला भिंगातून दाखवत होता."

"तो कायम तसाच बसायचा? खाली, बुटक्या स्टुलावर?"

"तासन्‌तास. घड्याळाचे काटे जुळवत बसल्यासारखा. आम्ही बाकीचे उभ्या उभ्या कामं उरकायचो."

बाई निघाल्या तेव्हा तो गज धरून उभा राहिला. इतका वेळ टिकवलेला उद्धटपणा गळून पडला होता. "बाई, त्याच्याशी मी भांडलो हे खरं आहे. पण त्याच्याशी नाही तर मी भांडायचं कुणाशी? दुसरं होतं कोण मला?"

चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण बाईंनी कितीदा ऐकली होती. संन्याशाचा चेहरा त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला. मात्र चोर कोण हे आता त्यांना कळत चाललं होतं आणि कळू नये असं वाटत होतं.

५

चष्मेवाल्यांची बायको, सगळ्या गल्लीची काकू, स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. बाईंना बसायला सांगून ती पुन्हा मोरीकडं वळली. खालच्या पंख्याची घरघर जमिनीतून वर येत होती.

बाई बसल्या नाहीत. त्या मोरीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. कडेनं हिरवं शेवाळ दाट होतं. फक्त पाणी जायच्या भोकापासून एक रुंद पट्टा पांढराफटक पडला होता.

"काकू, कॅन इथं रिकामा केलात ना?"

काकूच्या हातातलं पातेलं घंगाळात पडलं. तिनं ते उचललं नाही.

"मी सांगते, चुकलं तर थांबवा," बाई म्हणाल्या. "टाकीत औषध पडलेलंच नाही. पडलं असतं तर मुळांवरचा थर विरंजला असता, तुमच्या शेवाळासारखा. टाकीत पडली दुसरीच वस्तू. इतकी थंड की जवळची मुळं गोठली. वितळून पाणीही न होणारी, नाहीतर टाकी वाहिली असती. आणि जाता जाता पाण्यात सोड्याचा वायू सोडणारी. अशी वस्तू एकच आहे. कोरडा बर्फ, म्हणजे तोच वायू गोठवून केलेला. तो वायू हवेपेक्षा जड असतो. पंखा बंद, फटी बुजवलेल्या, म्हणजे तो जमिनीवर साठत गेला, हौदात पाणी भरावं तसा. उभा माणूस त्याच्या वर राहतो. उंदीर राहत नाही. आणि बुटक्या स्टुलावर बसलेला माणूसही राहत नाही."

काकूनं पदराचं टोक हातात घेतलं.

"तुम्ही पोलिसांना सांगितलंत की मी दार उघडलं, हे बसलेले दिसले आणि मी ओरडले, कशाला हात लावला नाही. पण बंद केलेला पंखा चालू झाला होता, बटणावरची पट्टी फाडून. आत हवा उरली नाही हे ज्याला कळलं, त्यानंच तो लावला. आणि तुमच्याआधी आत कुणी गेलेलं नव्हतं. वाफेचा वास आला म्हणून लावला असं तुम्ही म्हणाला असतात तर कुणी शंकाही घेतली नसती. तुम्ही लपवलंत."

काकूनं हात पुसले. पुसतच राहिली.

"त्यांना हलवायला खाली वाकले," ती शेवटी म्हणाली, "तर श्वासच येईना. डोकं गरगरलं. उभी राहिले तर आला. पुन्हा वाकले, पुन्हा तेच. टाकीच्या झाकणातून पांढरं धुकं उतरत होतं. तसलं धुकं मी आधी बघितलेलं होतं. पोरगी काम करते ना, त्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने असल्या बर्फातून येतात. उरलेला ती डब्यातून घरी आणायची. पहिल्यांदा या टेबलावर डबा उघडला तेव्हा केवढी खुशीत होती. म्हणाली, आई, साधा बर्फ टाकला तर झाडांचं खतपाणी पातळ होतं, याचं तसं नाही, हा गार करतो आणि उडून जातो. आणि जो वायू उडतो तो झाडंच खातात. बाबांना सांगू नकोस, ते बाहेरचं काही पाण्यात घालू देणार नाहीत. मुळं पांढरी झाली की मग सांगू."

"आणि त्या दिवशीही ती टाकून गेली."

"तिला कुठं ठाऊक होतं पंखा बंद आहे म्हणून? वरून झाकण उचललं, डबा रिकामा केला आणि आल्या पावली कामावर गेली. मागून हे खाली उतरले." काकूचा आवाज आता कोरडा झाला होता. "मी पंखा लावला. झाकणं उघडून पाणी ढवळलं, धुकं जाईपर्यंत. मग अंगणातून कॅन आणला, इथं ओतला आणि नेऊन तिथं टाकला. त्यानंतर ओरडले."

"त्या वेळात त्यांना बाहेर ओढलं असतंत तर?"

"गार पडले होते बाई ते. नाहीतर मी..." ती थांबली. "गेलेला माणूस गेला होता. राहिलेलीला वाचवायचं होतं. स्वतःच्या हातानं बापाला मारलं हे कळलं तर ती जगेल का? तुम्हीच सांगा."

"आणि पंपवाला?"

"त्याच्यामागं रडायला कोणी नाही." हे बोलून तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग तिनं बाईंचे दोन्ही हात धरले. "लिहा की बर्फ मी टाकला. मी सही करते. मला जन्मठेप होऊ दे. तिला फक्त कळू देऊ नका."

बाईंनी हात सोडवून घेतले. खरं बोलावं तर ती पोरगी उभी जळणार, खोटं लिहावं तर त्यावर सही स्वतःची. त्या खिडकीकडं वळल्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की स्वयंपाकघर फार शांत झालंय. जमिनीतून येणारी घरघर थांबली होती. कधी थांबली हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

"काकू," बाई म्हणाल्या, "तिला तो बर्फ आणायचं बंद कर असं सांगितलंत ना?"

"बागेत जाऊ नको म्हटलं."

"बर्फाबद्दल काय सांगितलंत?"

काकूचा चेहरा पांढराफटक पडला. बर्फाबद्दल तिनं काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं तर का, तेही सांगावं लागलं असतं.

६

तळघराचं दार आतून लोटलेलं होतं, रबरी पट्टीनं घट्ट बसलेलं. दोघींनी मिळून ढकललं तेव्हा पायाशी गार झुळूक आली आणि पांढरं धुकं पायरीवर सांडलं.

पोरगी बापाच्या स्टुलावरून बाजूला कलंडली होती, डोकं मांडणीच्या पायाला टेकलेलं. हातात कात्री होती, मुळं कापायची. पंख्याचं बटण बंद होतं. पाणी कोमट होऊ द्यायचं नाही, हे बापाचं सांगणं तिनं मनावर घेतलं होतं. गरम हवा आत येऊ द्यायची नाही.

"श्वास रोखा आणि मगच वाका," बाई ओरडल्या. पंख्याचं बटण दाबून त्या पुढं झाल्या. काकूनं काही ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तिनं पोरीला काखेत धरून उचललं, जी काकू पाण्याचा हंडा उचलताना कंबर धरून बसायची तिनं, आणि बाईंनी पाय धरले. पायऱ्या चढून दोघींनी तिला रस्त्यावर उन्हात आणून टाकलं. धाकटा भाऊ वरून धावत आला आणि नुसताच उभा राहिला.

थोड्या वेळानं पोरीच्या छातीतून घरघर आली. ती खोकली, ओकली, पुन्हा खोकली. ओठांची निळाई हळूहळू गेली. काकू तिचा चेहरा पुसत होती आणि "काही नाही बाळ, ऊन लागलं तुला, ऊन लागलं," असं सारखं म्हणत होती.

पोरीनं डोळे उघडून आईकडं बघितलं. मग उघड्या दाराकडं. धुकं अजून एकेक पायरी उतरून खाली परतत होतं. ती बघत राहिली आणि बाईंना दिसलं की तिला समजतंय. हळूहळू समजतंय आणि थांबवता येत नाहीये.

"बाबापण इथंच बसले होते," ती म्हणाली.

तिनं तोंडावरचा आईचा हात बाजूला केला.

"त्या दिवशी मी सगळा डबा ओतला होता. उकाडा होता म्हणून. सगळा." ती उठून बसली. "आई, तुला कधीपासून माहीत होतं?"

"मीच टाकला तो बर्फ," काकू घाईघाईनं म्हणाली. "मी सांगते ना पोलिसांना. तू काही बोलू नकोस. या बाई लिहून देणार आहेत तसं. होय ना हो बाई? सांगा ना हिला."

बाईंनी मान हलवली नाही. हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. त्या दिवशी बाई एवढाच भित्रेपणा करू शकल्या.

"कधीपासून, आई?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि रोज मी खाली जात होते." आवाजात राग नव्हता, नुसता हिशेब लागत होता. "तू वर भांडी घासत होतीस."

काकू रडायला लागली. पोरीनं तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि तो मध्येच थांबला, परत मांडीवर आला. मग ती भिंतीला धरून उभी राहिली. धाकट्या भावानं आधार द्यायला हात पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला.

"पंपवाले काका आत आहेत," ती म्हणाली. "मी सांगून येते."

"मी सांगते. मला जाऊ दे. तुझं वय काय, माझं काय," काकू उठता उठता म्हणाली. "तुझ्या जागी मी जाते. कुणाला काही कळायचं नाही."

"नको," पोरगी म्हणाली. "बाबा माझ्या हातून गेले. एवढं तरी माझ्याकडं राहू दे."

आणि ती चालायला लागली, उन्हातून, भिंतीला हात लावत लावत. डॉक्टरीणबाई दोन पावलं मागं ठेवून तिच्याबरोबर निघाल्या. काकू त्यांच्या मागून आली. गल्लीच्या टोकापर्यंत ती पोरीला हाका मारत होती, पोरीनं वळून पाहिलं नाही, आणि पुढं मोठा रस्ता लागल्यावर तिनं हाका मारणंही सोडलं.